उलटी शिलाई

रोहणा, ता. आर्वी
१७ नोव्हेंबर २०२४

ताई,

फोटो मिळाला.

सहा वर्षांनी तुझ्याकडून फोटो यावा अन् त्यात तू नसावं. एका लहान पोरीचा हात, बस. कोपराच्या आतली बाजू लाल झालेली, खरबरीत, मधात नखांचे ओरखडे. खाली एक अक्षर नाई. कशी आहे नाई, आई-बाबा कसे आहेत नाई. नंबर नवा, मले वाटलं कोणाचा चुकून आला. मग तो हात धरणारा अंगठा पाहिला. विळीवर कापल्याची तुझी जुनी खूण मी कुठंबी ओळखीन, बाई.

फोन करता आला असता. पण फोनवर मी भांडीन, अन् तू कट करशीन. तुले आता उत्तर पाहिजे, भांडण नाई. म्हणून पत्ता मागितला. तो तू तेवढ्याच चुपचाप पाठवला, त्यावरून समजली की तू भल्ली परेशान आहे. नाईतर तू मले विचारणारी नाई.

पहिले एवढं वाच, बाकीचं मागून. मले हे इसब दिसते. नायटा नाई. नायटा गोल असते, कडेले उठलेला अन् मधात साफ. तो बुरशीचा असते अन् लागट असते. इसब कोणाले लागत नाई. मांडीवर घेतल्यानं नाई, एका गोधडीत झोपल्यानं नाई, उष्टं खाल्ल्यानं नाई. वर्ध्याच्या स्किनच्या डॉक्टर मॅडमनं मले हे सांगितलं तेव्हा मी चोवीस वर्षाची होती. तोवर आपल्या घरात, आपल्या गल्लीत, शाळेत, सगळ्यांनी त्याले नायटाच म्हटलं. आईनंच पहिले म्हटलं. एक शब्द चुकला अन् कबड्डीत माझा हात धराले कोणी तयार होईना.

पण मी काई डॉक्टर नाई. तिकडं सुरतेले चांगल्या स्किनच्या डॉक्टरले दाखव. मेडिकलवाल्याले दाखवू नको, शेजारणीले नको, तुझ्या नवऱ्याच्या, भूपेंद्रच्या मित्राले तर नकोच नको. तोवर पोरीची नखं काप. बेसन-हळद लावून घासत असशीन तर आजपासून बंद कर. कडुनिंबाचा पाला उकळून बी नको. आठवते ना, आई मले त्या पाण्यानं आंघोळ घाले अन् मी अंगणभर पळे? तू हसत होती. मी आग होते म्हणून पळत होती.

पोरगी तुझीच आहे ना? किती वर्षाची आहे? नाव तरी सांग.

इकडं वेचणी सुरू आहे. पुढच्या खोलीत कापूस भरणं लागलं, आणखी काही दिवसांनी छताले टेकीन. दरवर्षासारखे माझे हात सुरू झाले. मशीन ओसरीत आणून ठेवली अन् तिथंच लग्नसराईचे ब्लाउज शिवून राह्यली. बाबाले तुझ्या फोटोचं सांगितलं नाई. आईले सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राह्यली.

खाली "तुझी" लिहावं का नाई ते अजून ठरलं नाई.

अंकिता


रोहणा
३ डिसेंबर

ताई,

"तीन वर्षांची झाली. नाव आचल. रात्रभर खाजवते, रडते. सासूबाई म्हणतात लागट आहे, म्हणून तिचं ताट वेगळं केलंय."

हा तुझा मेसेज. मी मशीनवर होती. वाचला अन् एका ब्लाउजले दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावून बसली. उसवता उसवता अख्खी दुपार गेली.

ताट वेगळं. हे तू मले लिहू शकली, ताई? बोटं नाई अडखळली?

तुले आठवत नसन तर मी सांगते, मले सगळं आठवते. तुले पाहाले ते लोक पुलगावहून आले होते. पोह्याचा ट्रे आईनं माझ्या हातात दिला, कारण तुले साडीत चालता येत नव्हतं. मुलाच्या आत्यानं बशी घेतली अन् तिची नजर माझ्या मनगटावर गेली. तिनं बशी खाली ठेवली. "हे काय हाय व पोरीले?" आई घाबरली. म्हणाली, "नायटा हाय, औषध चालू हाय." अन् तू, मान खाली घालून, एकदम गोड आवाजात बोलली, "तिचं ताट वेगळं आहे आमच्या घरी. काई फिकर नाई."

आदल्या रात्री आपण एका ताटात जेवलो होतो. वांग्याची भाजी होती.

ते लोक गेले ते गेलेच. पुढं काही महिन्यांनी तू हिंगणघाटच्या कापडवाल्याच्या पोरासोबत, भूपेंद्रसोबत, सुरतेले निघून गेली. जाताना दारात मले म्हणाली, "तुझ्यापायी झालं हे सगळं." तेव्हापासून बाबानं तुझं नाव घेतलं नाई अन् मी तुले फोन केला नाई. हे झालं. आता पोरीचं पाहू.

शोभाबाईंवर चिडू नको. सासू आहे म्हणून दुष्टच असन असं नाई. ती भेली आहे. घरात दुसरी लेकरं असतीन, दिराची वगैरे, त्याईले होईन म्हणून भेली आहे. तू सांगितलं तर ऐकणार नाई, सुनेचं कोण ऐकते? डॉक्टरकडं जाताना तिले सोबत ने. खुर्चीवर बसव अन् तिच्यासमोर डॉक्टरले विचार, "हे लागते का?" डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की बाईमाणूस निम्मी शांत होते. आई तशीच झाली होती. निम्मी.

अन् घरात कोणी काई म्हटलं तरी आचलचं ताट वेगळं करू देऊ नको. हे मलमाच्या आधी कर. मलम उशिरा लागलं तर चामडी थांबते. तीन वर्षाच्या पोरीले काई सांगावं लागत नाई, तिले आपोआप समजते की आपल्यात काहीतरी घाण आहे. मग ते निघत नाई. मी तिसाची झाली, माझं निघालं नाई.

सोबत चार फ्रॉक पाठवून राह्यली. आईच्या जुन्या सुती लुगड्याचे आहेत. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड आहे, त्यात नवी खळ नाई, कच्चा रंग नाई. तुमच्या घरी चकचकीत पॉलिस्टरचे ढीग असतीन, ते तिच्या अंगाले लावू नको, घाम आत कोंडते अन् खाज सुटते. लोकरीचं स्वेटर बी सरळ अंगावर नको, आत सुती घाल. माप अंदाजानं घेतलं. तू तीन वर्षाची असताना केवढी होती ते आईले विचारलं. तिनं हातानं दाखवलं, तेवढं कापलं.

पहिलं झबलं मावशीनं द्यायचं असते. तेव्हा कोणी सांगितलंच नाई मले की मी मावशी झाली.

अंकिता


रोहणा
२२ डिसेंबर

ताई,

आचलचा फोटो पाहिला. नाक आपल्या बाबाचं. गाल सुजलेले नसते तर आणखी गोड दिसली असती.

पण अवं माये, तो फ्रॉक तू पलटून घातला! शिलाई आत करून! मी पाहिलं अन् डोक्याले हात लावला. तुले वाटलं अंकीनं उलटा शिवून पाठवला, इतक्या वर्षांनी बी हिले शिवता येत नाई. अवं, मी मुद्दाम बाहेर ठेवली शिलाई. आतली शिलाई काखेत, मानेवर, कमरेवर घासते. तुझ्या-माझ्यासारख्याले समजत बी नाई... माझ्यासारखीले समजते, तुझ्यासारखीले नाई. मॅडमनं मले सांगितलं, "अंगाला शिवण टोचू देऊ नका." मी टेलर, माझ्या हातात होतं. तेव्हापासून मी माझे घरातले ब्लाउज तसेच शिवते. बाया हसतेत. "टेलरीन असून उलटा ब्लाउज घातला व!" हसू दे. तू फ्रॉक काढ अन् मी शिवला तसाच घाल. शोभाबाई म्हणतीन उलटा घातला, अपशकुन आहे. त्याईले म्हण, मावशीकडं अशीच फॅशन आहे.

डॉक्टरकडं गेली ते बरं केलं. तिथं शोभाबाई काई बोलल्या नाई म्हणतेस. चांगलं लक्षण आहे. घरी येऊन वांगं, दही, शेंगदाणे, अंडं सगळं बंद केलं, ते मात्र अंदाजानं करू नको. अमकं खाल्लं अन् दर वेळी लगेच वाढलं असं तुले दिसत असन तर डॉक्टरले सांग, त्यायले ठरवू दे. आईनं माझं सगळं बंद केलं होतं. खाज होती तशीच राह्यली अन् मी वाळून काडी झाली.

आंघोळीचं विचारलं. कोमट पाणी, कढत नाई. कढत पाण्यानं खाजेले बरं वाटते, मग दुप्पट खाजते. पोरीले पाण्यात खेळत ठेवू नको, थोडक्यात उरक. वासाचा साबण नको, फेस नको. पंच्यानं टिपून घे, रगडून पुसू नको. अन् अंग ओलसर आहे तोवरच डॉक्टरनं दिलेलं साधं मलम हात सढळ ठेवून लाव, सगळ्या अंगाले. बाथरूमच्या बाहेर आली, कपडे शोधले, फोन आला, मग लावलं, असं करशीन तर पाणी उडून जाते अन् चामडी आणखी कोरडी पडते. मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमच्या चामडीची भिंत कच्ची आहे, ओलावा बाहेर जातो अन् धूळ आत येते. रोज लिंपावी लागेल." रोज, ताई. बरी असली तरी रोज.

आता तुझा शेवटचा प्रश्न. दोन दिवस उत्तर द्यावं वाटलं नाई.

"हे तुझ्याकडून आलं असेल का?"

म्हणजे पुन्हा माझ्यापायीच. जन्माले यायच्या आधीपासून सुरतेले बसलेल्या पोरीले बी मीच दिलं. वा गं वा.

ऐक मग. मॅडमनं पहिल्याच दिवशी मले विचारलं होतं, घरात कोणाले दमा आहे का, धुळीनं शिंका येतेत का, डोळे खाजतेत का. म्हणे हे सगळे एकाच घरातले असतेत, कोणाच्या छातीत निघते, कोणाच्या नाकात, कोणाच्या चामडीत. बाबाले कापसाच्या दिवसात दमा लागते. अन् पुढच्या खोलीत कापूस भरला की सकाळी उठल्यापासून घर डोक्यावर घेईन इतक्या शिंका कोण दे? लाल नाक करून कोण बसे? बाबा तुले "शिंकरी" म्हणे, विसरली? तुझ्या नाकात निघालं, माझ्या हातावर निघालं, एवढाच फरक. तुझं रुमालानं झाकता आलं. पाहाले आलेल्या लोकांनी तुझ्या शिंका पाहिल्या नाई, माझे हात पाहिले.

तर पोरीले हे आपल्या घरातूनच आलं असन, पण तुझ्याकडून. मी कोणाले दोष देऊन राह्यली नाई. रक्तात असते त्याले दोष कायचा. पण पुन्हा मले असं विचारू नको.

अंकिता


रोहणा
११ जानेवारी २०२५

ताई,

लहान पत्र आहे. बोटांले भेगा पडल्या, पेन धरवत नाई. थंडी भल्ली आहे, त्यात कापूस घरातच. बाबा भाव वाढण्याची वाट पाहून राह्यले. सुई धरता येत नाई म्हणून दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

तू लिहिलं, "आठ दिवस छान होती, वाटलं गेलं. पुन्हा आलं. मी थकले." अन् खाली रडके तोंड.

ताई, हे जात नाई. हे तुले कोणी सांगितलं नसन तर मी सांगते. बऱ्याच लेकरांचं मोठं होता होता कमी होते, मॅडम म्हणाल्या होत्या, आचलचं बी होईन. माझं नाई झालं. पण जाईन म्हणून वाट पाहू नको. घर झाडतो तसं आहे. झाडलं म्हणून उद्या कचरा येणार नाई असं नाई. मले बी कंटाळा येते. कधी कधी मलमाची डबी पाहून रडू येते, रागानं. मग लावते.

डॉक्टरनं लाल जागेवर लावाले दिलेली ट्यूब जितके दिवस सांगितली तितके दिवस लाव. भिऊन अर्ध्यात सोडू नको, अन् गुण आला म्हणून मनानं वर्षभर लावू नको. पिवळं पाणी सुटलं, खपली धरली, ताप आला तर वाट पाहू नको, त्याच दिवशी ने.

ट्यूबवरून सांगते. तुले पाहाच्या त्या कार्यक्रमाच्या दीडेक वर्ष आधी आईनं मले मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली होती. चिठ्ठी नाई, डॉक्टर नाई. तीन दिवसात हात साफ! आई देवापुढं साखर ठेवून आली. मग मी वर्ष-दीड वर्ष तेच चोळत राह्यली. चामडी पातळ झाली, शिरा दिसाले लागल्या. नंतर आग व्हायची म्हणून बंद केली अन् सगळं एकदम उफाळून आलं. पुलगाववाले आले ते नेमके त्याच आठवड्यात. म्हणून हात तसे होते. मी मुद्दाम तसे घेऊन आली नव्हती तुझ्यासमोर.

आणखी एक. हे लिहिणार नव्हती.

तू त्या दिवशी खोटं बोलली, "तिचं ताट वेगळं आहे." तू बोलली अन् विसरली असशीन. पण ते गावभर झालं. दुसऱ्या दिवशी शेजारची गुलाबकाकू आली अन् आईले म्हणाली, "बरं करतेस जयवंता, वेगळं ठेवतेस ते." आई काय बोलणार? पोरगी खोटी पडीन. तिनं हो म्हटलं. त्या संध्याकाळपासून माझं ताट खरंच वेगळं झालं. चुकून मिसळू नये म्हणून आर्वीच्या भांडेवाल्याकडून त्यावर "अं" कोरून आणलं. ठिपक्याठिपक्याचं. मॅडमनं लागत नाई म्हणून सांगितल्यावर आई मले हात लावाले लागली, वेणी घालाले लागली. पण ताट तेच राह्यलं. आता तिले बी आठवत नसन काऊन वेगळं आहे. थप्पीत जात नाई, दाराजवळच्या कोनाड्यात उभं असते. मी बी कधी म्हटलं नाई. कंटाळा आला म्हणण्याचा.

म्हणून म्हणते, आचलचं थांबव. तिच्या ताटात तू स्वतः जेव, सगळ्यांसमोर. तिचं उष्टं खा. तू भेत नाई हे सगळ्यांले दिसू दे, पहिले तिले.

अंकिता

ता. क. पत्र पाकिटात टाकत होती तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर आला. बाबानं सगळा कापूस विकाले काढला. भाव वाढण्याची वाट पाहणारा माणूस, एकदम. मी विचारलं, काऊन व बाबा? म्हणाले, "उंदरं झाले." उंदीर तर एकबी नाई. आता खोली धुऊन राह्यले. खिडक्या उघड्या टाकल्या. आईनं कधीतरी बाबाले पोरीचं सांगितलंच असन, कारण मग तिले म्हणाले, "थंडी उतरली की पोट्टीले आणाले सांग त्याईले. धूळ नाई म्हणा आता." तुझं नाव घेतलं नाई. पण "त्याईले" म्हणजे तूच, ताई. दुसरं कोण आहे?

येजो.


रोहणा
१६ फेब्रुवारी

ताई,

सुखरूप पोचल्याचा मेसेज मिळाला. आचलचे गाल गाडीत कोरडे पडले म्हणतेस, मलम पर्समध्येच ठेवत जा. सामानात खाली ठेवलं की निघत नाई.

तू इथं होती ते दिवस आपण दोघी कामाचंच बोललो. पाणी तापलं का, मलम कुठं आहे, दूध देऊ का. मी ठरवून ठेवलं होतं की तुले दारातच दोन शब्द सुनवीन. तू उतरली तेव्हा एका हातात बॅग, कडेवर पोरगी, डोळ्याखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. तुझ्यात ऐकण्याचा जोर नव्हता अन् माझ्यात सुनवण्याचा. म्हटलं जाऊ दे, पहिले चहा ठेवू.

तुले न दिसलेल्या दोन गोष्टी सांगते.

तू आईजवळ भाकरी टाकून राह्यली होती तेव्हा आचल ओसरीत माझ्या मशीनजवळ आली. माझ्या ब्लाउजची बाही पाहिली, स्वतःचा फ्रॉक पाहिला. मले म्हणे, "मावशी, तुझंपण उलटं?" मी म्हटलं, "उलटं नाई व, आपलं असंच असते." तिनं विचार केला. मग माझ्या मनगटावर बोट ठेवलं, जिथं सध्या जास्त आहे तिथंच. "इथं खाजतं?" म्हटलं हो. म्हणे, "मला पण." अन् बाबाच्या मागं निघून गेली, तिचं काम झालं होतं. मी बराच वेळ पायडल मारलं नाई.

दुसरी बाबाची. तुझ्याशी बोलले नाई म्हणून तू रडली, मले माहीत आहे. पण तू आंघोळीले गेली की ते पुढच्या खोलीत जाऊन ओल्या फडक्यानं खिडकी पुसत. पोट्टीले धूळ लागीन म्हणून. अन् एकदा तू आत शिंकली तर इकडं हळूच म्हणाले, "शिंकरी." हसले बी. थोडा टाइम दे.

अन् जे तुले माहीत आहे ते.

त्या पहिल्या दिवशी आईनं पानं वाढली. माझं ताट नेहमीसारखं दाराजवळ. मी बसली. तू आचलले घेऊन माझ्याजवळ येऊन बसली, आईनं तुझ्यासाठी वाढलेलं पान तिकडंच ठेवून. ताटावरचं "अं" पाहिलं. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. पत्रात वाचणं वेगळं, पाहणं वेगळं. माझ्या ताटातली अर्धी भाकर मोडली, माझ्याच वरणात बुडवली अन् खाल्ली. मग आचलले त्याच ताटातून भरवलं. तेवढ्यात शोभाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मले वाटलं तू उठशीन. तू फोन पाण्याच्या तांब्याले टेकवला अन् जेवतच राह्यली. त्या म्हणाल्या, "अरे, सगळे एकाच ताटात?" तू म्हणाली, "हो आई. ही माझी बहीण, अंकिता. आम्ही लहानपणापासून असंच जेवतो."

आई भाकर हातात घेऊन चुलीजवळ थांबलेली. तव्यावरची भाकर जळाल्याचा वास आला तेव्हा हलली.

माफ केलं असं मी लिहिणार नाई, ताई. तू माफी मागितली बी नाई अन् मले त्याचं काई करता बी आलं नसतं. सहा वर्षं एका घासानं भरून निघत नाई. मी थकली आहे, अन् माझे हात उद्या बी खाजणार आहेत. पण तो घास मी पाहिला. एवढं लिहिते.

आता मुख्य सांगते. तू गेल्यावर संध्याकाळी जेवाले बसलो तर माझं ताट सापडेना. कोनाडा रिकामा. आईनं मोरी पाहिली, अंगणात घासाले राह्यलं का पाहिलं, गुलाबकाकूकडं विचारून आली. "गेलं कुठं व ते? इथंच तर होतं!" मी म्हटलं, माहीत नाई.

माहीत होतं. सकाळी तुझी बॅग उचलली तेव्हाच वाटलं, एवढी जड काऊन झाली.

आई बराच वेळ त्या रिकाम्या कोनाड्यासमोर उभी होती. आता नवं कोरून आणीन का काय, मले वाटलं. बाबा म्हणाले, "अवं, भात थंड होऊन राह्यला." मग तिनं थप्पीतलं वरचं ताट काढलं, पदरानं पुसलं, माझ्यापुढं ठेवलं अन् म्हणाली, "घे व, कोणतंबी घे."

कोणतंबी म्हणाली, ताई. मी मान खाली घालून जेवली. वांग्याचीच भाजी होती.

ते ताट परत पाठवू नको. सुरतेत मोडीत घाल, नाईतर झाडाखाली पाखरांच्या पाण्याले ठेव. फक्त आचलले त्यात जेवू घालू नको.

तिच्यासाठी उन्हाळ्याचे फ्रॉक कापून ठेवले, बिनबाहीचे, घाम कमी येईन. एक माप तुझं बी घेऊन ठेवलं, आईचं आणखी एक लुगडं निघालं. तुले शिलाई आत पाहिजे का बाहेर, ते कळव.

तुझी
अंकी